कावळ्याची भाकर

“कावळ्यानं?” आबांनी विचारलं.

“कावळ्यानंच,” मी म्हणालो. “चर्चमागच्या लिंबावर बसला होता. चोचीत ही एवढी भाकर. मी खाली उभा. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं, आणि त्यानं चोच उघडली.”

भाकर आबांच्या मांडीवर होती. तांबडी, रेशनच्या मिलो ज्वारीची, एका कडेचा तुकडा गेलेली. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. समोर माणूस आहे एवढं त्यांना कळे, चेहरा कळत नसे. त्यांनी त्या तुटक्या कडेवरून बोट फिरवलं.

“ही चोचीची खूण?”

“तर काय.”

“मोठी चोच आहे.”

“डोमकावळा होता, आबा.”

आबांनी डोकं उघडं केलं, भाकर दोन्ही हातांत धरली आणि देवाचे आभार मानले. आभार संपेपर्यंत मी छपराच्या पन्हाळीकडं बघत राहिलो, कारण ती खूण माझ्या दातांची होती.

साल त्र्याहत्तर, दुष्काळाचं दुसरं वर्ष, चैत्र. आमच्या रांजणीच्या विहिरीत खडा टाकला तर आवाज यायचा नाही. खडा खाली पडून आपल्याकडंच बघत बसायचा. हे खोटं वाटत असेल तर वाटू द्या. माझं नाव शलमोन मकासरे, आणि शेवगावपर्यंत मला थापाड्या शलमोन म्हणूनच ओळखतात. पण आता पुढचं सांगतो त्यात मी काही घातलेलं नाही. घालायची हिंमत नाही.

आबा दोर वळायचे. दावी, कासरे, विहिरीचे नाडे. बैल छावणीला गेले आणि विहिरी आटल्या, तेव्हा दोराला विचारणार कोण? मी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायचो आणि त्यावर आमचं दोघांचं पोट चाले. आई आधीच गेलेली. तर एके दिवशी माझ्या उजव्या हातावर दगड आला. तीन बोटं सुजून वांग्यासारखी झाली. मुकादम म्हणाला, “हात बरा झाला की ये.” हात बरा व्हायच्या आधी घरातलं पीठ संपलं.

आबा चर्चचे पंच. त्यांचा एक कायदा होता : मागायचं तर देवाकडं, माणसाकडं नाही. शेजारणीनं वाटीभर कालवण आणून दिलं तर आभार मानून घ्यायचे, पण ‘आहे का’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

“आबा, पीठ संपलं.”

“देव देईल.”

“कधी?”

“तो आपला मुकादम नाही, त्याला वेळ विचारायला.”

बुधवार पाण्यावर गेला. गुरुवारी आबा दुपारी उठताना भिंतीला धरून उठले, आणि उठल्यावर बराच वेळ भिंत सोडेनात. तेव्हा मला भीती वाटली. म्हातारं माणूस उपाशी मरतं ते ओरडून मरत नाही, असं मी त्या वर्षी दोन घरांत बघितलं होतं.

शुक्रवारी मी मुकादमाच्या पाया पडायला कामावर गेलो. त्यानं माझा हात बघितला आणि मान हलवली. परत फिरलो तर खडीच्या एका ढिगामागं हातोडीचा आवाज थांबला.

“शल्या.”

सहा वर्षांनी ऐकलेला आवाज. माझी थोरली बहीण. डोक्यावर फडकं, हाताला घट्टे, तोंडावर दगडाची पांढरी भुकटी. सहा वर्षांपूर्वी ती तिम्मा वडाराबरोबर निघून गेली आणि त्याच्याशी लग्न करून दोन कोसांवरच्या पालात राहिली. पुढच्या रविवारी आबा चर्चमध्ये उभे राहून म्हणाले होते, “देवानं मला एकच मूल दिलं आहे. मुलगा.” तेव्हापासून तिच्याशी बोलणं बंद. ती ज्या कामावर असेल तिथं मी दुसऱ्या टोकाची टोळी धरायचो.

“हात कसा हाय?”

“बरा हाय, अक्का.”

“दिसतोय बरा. आबा जेवत्यात का?”

“देव देईल म्हणतात.”

“मग? दिलं का देवानं?”

“अजून न्हाई.”

तिनं हातोडी खाली ठेवली, दगडाआडचं गाठोडं सोडलं आणि दोन भाकरी माझ्या फडक्यात टाकल्या. “एक तू खा. एक त्यांला दे. माझं नाव सांगू नको.”

“सांगितलं तर?”

“तर खानार न्हाईत, आन् मरतील. तुला बापाचा हट्ट ठावं न्हाई?”

“मग कुणी दिली म्हणून सांगू?”

“हे म्या शिकवू?” ती म्हणाली. “जन्मापास्नं थापा मारतोस मेल्या. एक कामाची मार.”

माझी भाकर मी पहिल्या ओढ्यापाशीच संपवली. दुसरी आबांची. पण दोन दिवसांच्या उपाशी पोटात एक भाकर गेली की ते गप्प बसत नाही, उलट जागं होतं. गावाची शीव आली तेव्हा आबांच्या भाकरीची कड माझ्या तोंडात होती. खरं सांगायचं तर कावळा मला त्या कडेसाठी सुचला. नाहीतर मी एखादा ट्रकवाला सांगितला असता.

संध्याकाळी आबांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. तिच्यात एक जागा आहे : आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. आबा तिथं ‘दरदिवसाची भाकर’ म्हणायचे. सहा वर्षं. मिशनच्या मडमेनं बाप्तिस्म्याच्या वेळी अक्काचं नाव ठेवलं होतं रोज, इंग्रजीतलं गुलाब, आणि ती गेल्यापासून आबांनी तो शब्दच तोंडातून काढून टाकला होता. रोज पाणी आणतोस का, असं ते मला विचारत नसत. दरदिवशी आणतोस का, असं विचारत. रविवारी सगळी मंडळी एका दमात ‘रोजची भाकर’ म्हणून पुढं जायची आणि आबांची ‘दरदिवसाची’ लांबल्यामुळं मागं एकटी राहायची. पोरं हसायची. मीही हसायचो.

दुसऱ्या दिवशीही मी कावळाच सांगितला. एकदा बसलेली थाप उगाच मोडू नये. तिसऱ्या दिवशी त्याला एक पाय लंगडा दिला. सारखा तोच कावळा, तीच फांदी असं सांगून मलाच कंटाळा यायला लागला होता.

चौथ्या दिवशी मी घरात पाऊल टाकतो तोच आबा म्हणाले, “आज लंगडत होता का?”

“कोण?”

“कावळा.”

“आज… आज जरा बरा होता.”

“मी काल त्याच्या पायासाठी प्रार्थना केली,” आबा म्हणाले.

या माणसानं लहानपणी मला खोटं बोललो म्हणून ओल्या दोरानं मारलं होतं. आता तो माझ्यासमोर मांडी घालून बसायचा आणि ‘मग?’ म्हणायचा. भाकर पोटात जाऊ लागली तशी त्यांनी भिंत सोडली. आवाजही परत आला. मी म्हटलं, चाललंय ते चालू दे. अक्का ढिगामागून भाकरी देते, मी कावळा देतो, आबा देवाला आभार देतात; कुणाचं काय बिघडलं?

आमच्या चर्चला पाळक महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी आबाच उपासना चालवत. दहाव्या दिवशी रविवार आला. गायन झालं, आणि आबा काठी टेकून उभे राहिले.

“बंधूंनो, भगिनींनो, मला साक्ष द्यायची आहे.”

मी दाराकडं बघितलं.

“नऊ दिवस झाले. माझ्या घरात पीठ नाही, आणि मी उपाशी नाही. बायबलातल्या त्या संदेष्ट्याला दिली तशी देव मला कावळ्याच्या चोचीतून भाकर देतो. चोचीची खूण मी या बोटांनी चाचपली आहे.” आबांनी बोट वर केलं. “तुमच्यापैकी ज्यांच्या घरात चूल पेटलेली नाही, त्यांनी धीर सोडू नये. तो विसरलेला नाही.”

मागं बायकांच्या बाजूला कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. कामावर येणाऱ्या चार-पाच जणींनी मला अक्काच्या ढिगापाशी बघितलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी छताकडं बघितलं. कुणी माझं बिंग फोडलं नाही. आबा जगावेत असं त्यांनाही वाटत होतं. आणि माझी फजिती कुठवर जाते तेही बघायचं असणार.

पण पुढच्या रांगेत हन्नाबाई होती. म्हातारी, विधवा, कानानं मंद, मांडीवर चार वर्षांची नात कृपा. पोरीचे आईबाप पोट भरायला पुण्याकडं गेले होते आणि त्यांचा पत्ता नव्हता. हन्नाबाईनं कानाशी हात धरला.

“कुठल्या झाडावं, पंच?”

“मागच्या लिंबावर, हन्नाबाई.”

“किती वाजता?”

“शलमोन,” आबा माझ्याकडं वळून म्हणाले, “किती वाजता?”

सगळं चर्च माझ्याकडं बघत होतं. “कावळ्याला कुठं घड्याळ असतं,” मी म्हणालो. लोक हसले. हन्नाबाई हसली नाही.

मंगळवारी दुपारी मी भाकर घेऊन परत येत होतो. सदऱ्याच्या आत, पोटाशी धरलेली. चर्चच्या मागनं वाट जाते. लिंबाखाली हन्नाबाई बसली होती. पदर मांडीवर दोन्ही हातांनी ताणून धरलेला, नजर वर. कृपा तिच्या अंगाला टेकून पडली होती. झाडावर सात-आठ कावळे होते. उन्हात दुसरीकडं जाणार कुठं?

“हन्नाबाई, इथं काय करताय?”

“हळू बोल,” ती कुजबुजली. “बुजतील.”

“कधीपास्नं बसलाय?”

“काल सकाळधरनं. सांजच्याला घरी गेलो, आज पुन्हा आलो.”

“पोरीला सुकडी आणली का शाळेतनं?” लहान पोरांना शाळेत सरकारी सुकडी मिळायची, वाटीभर. त्या वर्षी तेवढ्यावर पोरं जगली.

“तिकडं गेले आन् इकडं आला म्हंजी?” हन्नाबाई म्हणाली. “तुझ्या बापाला नऊ दिस दिली. मला एक दिस तरी देईलच की. म्या काय देवाची कुनी न्हवं?”

“अहो, तो कावळा गेला आता. दुसऱ्या गावाला गेला.”

तिनं माझ्याकडं बघितलं. “आज तुझ्या बापाला न्हाई दिली?”

माझ्या पोटाशी भाकर होती. अजून कोमट होती. मी सदरा खाली ओढला.

“दिली न्हवं? मग येईल. तू जा. मानूस बघून तो उतरत नसंल.”

मी गेलो. चर्चच्या भिंतीला वळसा घातला आणि मागच्या बाजूनं झाडाच्या जवळ आलो. मनात आलं, भिंतीवर चढावं, भाकर फांद्यांतून तिच्या पदरात टाकावी. टप्पकन पडेल. म्हातारी देवाचं नाव घेईल, पोरगी जेवेल, आबांना मी काहीतरी सांगेन. डाव्या हातानं भिंत धरली, उजवा कोपर टेकवला, वर आलो. सदऱ्यातून भाकर काढली.

कृपा माझ्याकडं बघत होती.

हन्नाबाईचं तोंड कावळ्यांकडं, आणि पोरीचं माझ्याकडं. ती आजीला काही बोलली नाही. हसलीही नाही. तिच्या ओठांच्या कडांना पांढरं सुकलेलं होतं आणि डोळे मोठे झाले होते. भाकर टाकली असती तर उद्या दोघी पुन्हा येऊन बसल्या असत्या. परवाही. आयुष्यभर मी थापा मारल्या, पण माझ्या थापेवर बसून कुणी उपाशी मरायला निघालेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

मी भिंतीवरून उतरलो आणि घरी आलो.

“उशीर केलास,” आबा म्हणाले. “कावळा बरा आहे ना?”

मी भाकर त्यांच्या मांडीवर ठेवली. त्या दिवशी कडा शाबूत होत्या. त्यांनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

“आबा, कावळा न्हाई.”

“म्हणजे?”

“कधीच नव्हता. भाकर अक्का देते. तलावाच्या कामावर.”

आबांचं बोट भाकरीच्या कडेवर थांबलं. मला वाटलं, ऐकलं नाही. मग त्यांनी विचारलं, “आणि चोचीची खूण?”

“माझे दात.”

“बारा दिवस?”

“व्हय.”

“रोज?” आबा म्हणाले.

शब्द निसटून गेला. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी दिवस विचारले की नाव विचारलं ते मला कळलं नाही, आणि बहुतेक त्यांनाही कळलं नसावं. दोन्हीचं उत्तर एकच होतं.

“व्हय,” मी म्हणालो.

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त भाकर हातात धरून बसले. आता ही उकिरड्यावर जाणार, आणि चार दिवसांनी आबा जाणार, असं माझ्या डोळ्यांपुढं आलं.

“आबा, खा. शिव्या द्या, पण खा.”

“हे आज का सांगतोस?”

“हन्नाबाई लिंबाखाली बसलीय. कालपास्नं. तुमची साक्ष ऐकून. कृपाची सुकडी सोडून कावळ्याची वाट बघतीय.”

आबांचा चेहरा असा झाला की मी खाली बघितलं.

“काठी दे,” ते म्हणाले.

त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात काठी, भाकर छातीशी. लिंबाखाली आलो तेव्हा हन्नाबाईनं ओठांवर बोट ठेवलं. आबांना ते दिसलं नाही. ते चाचपडत तिच्यासमोर बसले आणि भाकर तिच्या ताणलेल्या पदरात ठेवली.

हन्नाबाईनं भाकरीकडं बघितलं. मग झाडाकडं. “कवा टाकली? म्या डोळं मिटलं व्हतं का?”

“कावळ्यानं नाही दिली, हन्नाबाई.”

“आं?”

“रोजनं दिली.”

तिनं कानाशी हात धरला. “रोज देतो?”

“देतो नाही.” आबांचा आवाज चढला. “देते! रोज देते! माझी मुलगी!”

लिंबावरचे सगळे कावळे एकदम उडाले.

“आता वरडून काय उपेग,” हन्नाबाई म्हणाली. “गेलं की समदं.” पण तिची बोटं भाकर मोडायला लागली होती. पहिला तुकडा तिनं स्वतः चावून मऊ केला आणि कृपाच्या तोंडात घातला. “तुमची लेक? तिचं तर नाव काढू देत नव्हता तुम्ही.”

“नव्हतो देत.”

“मग कावळा कोन?”

आबांनी काठी माझ्याकडं केली. हन्नाबाईनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“रंग तेवढा जमतोय,” ती म्हणाली. आणि थोडं थांबून, “पोरीची दोन दिसांची सुकडी बुडाली, शलमोन.”

मी कृपाला खांद्यावर टाकून शाळेकडं पळालो. वाटप संपलं होतं. मास्तरीणबाईंनी पातेलं खरवडून मूठभर दिलं. पोरगी खांद्यावर खात होती आणि कण माझ्या मानेत पडत होते. रात्री तिला ताप भरला तो सहाव्या दिवशी उतरला. त्या पाच दिवसांचं मी कधी कुणाला रंगवून सांगितलेलं नाही.

आबा त्या दिवशी जेवलेच नाहीत. भाकर सगळी लिंबाखाली गेली होती. बुधवारी सकाळी मी फडकं घेतलं आणि निघालो.

“कुठं?”

“तलावावर. भाकर आणतो.”

“मी येतो.”

“आबा, दोन कोस हाय. ऊन बघा. तुमच्या पोटात काही न्हाई. मी आणून देतो.”

“तुझ्या दातांचा भरवसा नाही,” आबा म्हणाले आणि काठी शोधायला लागले.

दोन कोसांना आम्हाला साडेतीन तास लागले. बाभळीच्या प्रत्येक खुराट्या सावलीला आबा बसायचे. एका ठिकाणी बसले ते उठेनातच. मला वाटलं, इथंच संपतंय. तेव्हा ते म्हणाले, “मी देवाला भाकर मागितली, शलमोन. कुणाच्या हातून दे, ते सांगितलं नव्हतं. पण मनात अट होती. त्याला मनातलं दिसतं.”

“मग त्यानं अट मोडली म्हणायची.”

“मोडली. तुझ्यासारख्या माणसाकडून मोडून घेतली.” ते काठीवर जोर देऊन उठले. “ती मला हाकलून देईल का रे?”

“देईल बहुतेक,” मी म्हणालो. तेव्हा खोटं सुचलं नाही.

कामावर दुपारची सुट्टी व्हायची होती. शे-दोनशे हातोड्या चालू होत्या. मी आबांना ढिगापाशी नेऊन उभं केलं. अक्कानं वर बघितलं. हातोडी तशीच वर राहिली, मग खाली आली, आणि ती पुन्हा फोडायला लागली. बघितलंच नाही असं.

आबांनी आवाजावरून ओळखलं ती कुठं आहे. ते खडीवर बसले.

“आज न्हाई,” अक्का दगडाला म्हणाली. “पगार लांबलाय. पीठ काल संपलं. कालच्या भाकरी शेवटच्या.”

आबांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

“ऐकू आलं का? आज काय बी न्हाई.”

“आलं.”

हातोडी चारदा पडली. “सहा वर्षं म्या मेले व्हते न्हवं तुमच्या लेखी?”

“होय.”

“मग आता काय?”

“आता मला भूक लागली आहे,” आबा म्हणाले.

अक्काच्या तोंडातून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि मध्येच मोडलं. तिनं फडक्यानं तोंड पुसलं तर भुकटीचे पट्टे उठले. “आन् आज आलात! बारा दिस भाकर व्हती तवा आला न्हाईत!”

सुट्टीची शिट्टी झाली. हातोड्या थांबल्या आणि एकदम इतकं शांत झालं की आबांचा श्वास ऐकू यायला लागला. तो बरोबर नव्हता. मी त्यांच्या पाठीला हात लावला तर बनियनखाली बरगड्या लागल्या.

तेवढ्यात तिम्मा आला. उंच, काळा, हातात पहार. आबांना बघून तो चार पावलांवर थांबला. त्यानं अक्काकडं बघितलं, तिनं मान फिरवली. तो वडारांच्या टोळीकडं परत गेला. तिकडं त्यांच्या भाषेत बोलणं झालं, कुणीतरी चिडलं, कुणीतरी हसलं. परत आला तेव्हा त्याच्या हातात अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा होता. चौघांत मिळून एवढंच.

तो जवळ आला नाही. वडाराच्या हातचं माझ्या बापाला चालायचं नाही हे त्याला सहा वर्षांपासून ठाऊक होतं. त्यानं एक सपाट दगड फुंकून साफ केला, भाकरीचा मोठा तुकडा त्यावर ठेवला आणि दगड पहारीनं आबांकडं ढकलला.

“मामा, खावा,” तो लांबूनच म्हणाला.

आबांचा हात दगडाकडं गेला नाही. मला वाटलं, झालं. इतक्या लांब येऊन, उन्हात मरायला टेकून, शेवटी हट्टच जिंकला. अक्काही बघत होती. तिनं ओठ घट्ट मिटले होते.

“दगडावर ठेवलीस का?” आबांनी विचारलं.

“व्हय, मामा.”

“मला दिसत नाही दगड.” आबांनी तळहात उघडून पुढं धरला. “हातावर दे.”

तिम्मा तिथंच उभा राहिला. मग पुढं आला, उकिडवा बसला, तुकडा उचलून आबांच्या तळहातावर ठेवला. आबांची बोटं भाकरीवर मिटली, आणि भाकरीबरोबर तिम्माचं बोटही त्यांत सापडलं. ते त्यांनी लगेच सोडलं नाही.

मी डोकं उघडं केलं. आता प्रार्थना होणार म्हणून. पण आबांनी प्रार्थना केली नाही. तुकडा तोंडात घातला आणि चावायला लागले. घाईनं, ठसका लागेल असे. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या बापाला देवाला न विचारता खाताना बघत होतो.

“सावकाश,” अक्का म्हणाली. पुढं सरकून तिनं पाण्याचा गडू त्यांच्या गुडघ्याशी ठेवला. “कुनी पळवत न्हाई.”

आबा पाणी प्यायले. त्यांनी तळहात चाटला. मग तिम्मा जिथं बसला होता त्या दिशेनं, अंदाजानं, तोंड वळवलं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “अजून थोडी आहे का?”